माहितीप्रणालींच्या अभ्यासात अनुभवाचे स्थान : रूपविवेचनशास्त्राच्या दोन वाटा

१

इ. स. १९४८ च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’ ह्या अमेरिकन नियतकालिकात क्लॉड शॅनन ह्या गणितज्ञांचा संदेशवहनाच्या गणिती उपपत्तीवरील प्रबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. संदेशास अर्थ असतो ही गोष्ट शॅनन ह्यांनी नाकारली नव्हती. अभियंत्यापुढील प्रश्नाशी तिचा संबंध नाही, एवढेच त्यांनी आरंभी स्पष्ट केले होते. एका टोकास निवडलेला संदेश दुसऱ्या टोकास बिनचूक कसा उभा करावा, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नापुरता अर्थाचा विचार बाजूस ठेवणे सर्वथा युक्तच होते. परंतु शास्त्रांच्या इतिहासात असे वारंवार घडते की, मर्यादित प्रयोजनासाठी बाजूस ठेवलेली गोष्ट पुढे मुळात अस्तित्वातच नाही असे गृहीत धरले जाऊ लागते.

संगणकाच्या कार्यालयीन उपयोगाच्या बाबतीत नेमके असेच घडले. १९५१ च्या नोव्हेंबरात लंडन येथील जे. लायन्स ह्या चहा व बेकरीच्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत ‘लिओ’ नावाच्या संगणकावर नियमित स्वरूपाचे कार्यालयीन काम सुरू झाले. पुढील वीस-पंचवीस वर्षांत पगारपत्रके, मालाचा साठा, विम्याचे हप्ते अशा नाना कामांसाठी संगणक वापरात आले आणि ह्या व्यवहाराचा अभ्यास करणारी ‘माहितीप्रणाली’ ही नवी ज्ञानशाखा विद्यापीठांत स्थिरावू लागली. ह्या शाखेच्या आरंभीच्या लेखनात माहिती ही बहुधा एक वस्तू मानलेली आढळते. धान्य कोठारात साठवावे तशी ती साठवावी, गाडीत भरून न्यावे तशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावी, आणि ज्याच्या हाती ती पडेल त्यास तिचा अर्थ आपोआप कळावा, अशी ही समजूत होती.

ह्या समजुतीस शाखेच्या आतूनच धक्का देणाऱ्यांत स्वीडिश संशोधक बर्ये लांगेफोर्श ह्यांची गणना प्रथम करावी लागेल. माहितीप्रणालींच्या तात्त्विक विश्लेषणावरील त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणात असे मांडलेले आहे की, माहिती ही केवळ आधारसामग्रीवर अवलंबून नसते. ती वाचणाऱ्याचे पूर्वज्ञान आणि अर्थ लावण्यास मिळालेला अवधी ह्यांवरही ती अवलंबून असते. समीकरण गणिती वळणाचे होते खरे, पण त्यात एक माणूस येऊन उभा राहिला होता. त्या माणसाचा अनुभव कसा असतो, हे मात्र समीकरणास सांगता येण्याजोगे नव्हते. त्यासाठी संशोधकांना जर्मन तत्त्वज्ञानातील एका जुन्या प्रवाहाकडे वळावे लागले. हा प्रवाह माहितीप्रणालींच्या अभ्यासात दोन निरनिराळ्या वाटांनी आला. ह्या दोन वाटांवरील अभ्यासकांत पुढे मतभेद झाला. आणि त्या मतभेदातूनच ह्या तत्त्वज्ञानाचा खरा उपयोग कोणता हे अधिक स्पष्ट झाले, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

फिनॉमिनॉलॉजी ह्या संज्ञेस मराठीत एकच एक पर्याय अद्याप रूढ झालेला नाही. येथे ‘रूपविवेचनशास्त्र’ हा शब्द योजला आहे. वस्तू जाणिवेपुढे ज्या रूपाने प्रकट होते त्या रूपाचे विवेचन, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा. एडमुंड हुसेर्ल (१८५९–१९३८) ह्यांच्या ‘तर्कशास्त्रीय अन्वेषणे’ ह्या १९००–०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून ह्या शास्त्राचा आरंभ मानला जातो. जाणीव ही नेहमी कशाची तरी जाणीव असते; म्हणून वस्तूविषयीच्या रूढ समजुती क्षणभर स्थगित ठेवून ती वस्तू आपणास कशी प्रतीत होते ह्याचे निष्ठेने वर्णन करावे, हा हुसेर्ल ह्यांचा आग्रह होता. १९३६ साली ज्याचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले त्या युरोपीय विज्ञानांच्या संकटावरील आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात त्यांनी ‘जीवनविश्व’ ही कल्पना पुढे आणली. विज्ञानाची सूत्रे ज्या जगातून उचलली जातात, ते नित्याच्या अनुभवाचे जग सूत्रांच्या आधी असते; सूत्रे त्याची जागा घेऊ शकत नाहीत, असा ह्या कल्पनेचा मथितार्थ आहे.

हुसेर्ल ह्यांचे शिष्य मार्टिन हायडेगर ह्यांनी १९२७ च्या ‘अस्तित्व आणि काल’ ह्या ग्रंथात हा विचार निराळ्या दिशेस नेला. कामात गुंतलेल्या सुताराच्या लेखी हातोडा ही वजन, आकार व लांबी असलेली वस्तू नसते. तो त्याच्या ‘हाताशी’ असतो. दांडा निखळला, घाव चुकला किंवा हातोडा जागेवर सापडेनासा झाला, म्हणजेच तो वस्तू होऊन ‘समोर’ येतो. आपण जगाशी प्रथम संबंध जोडतो तो निरीक्षणाने नव्हे, तर वावराने, हा ह्या दृष्टान्ताचा भाव आहे. मॉरिस मेर्लो-पाँती ह्या फ्रेंच तत्त्वज्ञांनी १९४५ मध्ये ह्याच विचारास देहाची जोड दिली. आंधळ्याची काठी ही त्याला चाचपावयाची वस्तू राहिलेली नसते. तिच्या टोकाशी त्याचा स्पर्श सुरू होतो, असे त्यांनी दाखविले.

ह्या भेदाची खूण मराठी भाषेत अगदी साध्या रूपाने आढळते. ‘त्याला पोहण्याची माहिती आहे’ आणि ‘त्याला पोहता येते’ ही दोन वाक्ये कोणीही मराठी भाषक एकमेकांच्या जागी वापरणार नाही. माहिती देता येते, घेता येते, लिहून ठेवता येते. ‘येणे’ मात्र कोणी कोणास देऊ शकत नाही, ते ज्याचे त्यास यावे लागते. शिवाय जे येते ते सगळे सांगता येतेच असेही नाही. व्याकरणातील भेदावरून तत्त्वज्ञानातील सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि ज्या ज्ञानशाखेने आपल्या नावातच ‘माहिती’ हा शब्द धारण केला, तिच्या कक्षेतून ‘येणे’ कसे निसटले असेल, हे समजून घेण्यास हा भेद उपकारक आहे.

३

पहिली वाट हायडेगर ह्यांच्या ग्रंथापासून निघाली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वादातून गेली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे तत्त्वज्ञान शिकविणारे ह्यूबर्ट ड्रायफस ह्यांनी १९६५ साली रँड कॉर्पोरेशनसाठी एक निबंध लिहिला आणि त्याच्या मथळ्यात किमया व कृत्रिम बुद्धिमत्ता ह्यांची सांगड घातली. १९७२ मध्ये संगणकांना काय करता येत नाही ह्याविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानवी बुद्धी म्हणजे नियम व वस्तुस्थितीदर्शक विधाने ह्यांचा संच होय, हे तत्कालीन संशोधकांचे गृहीत त्यांनी अमान्य केले. माणसास प्रसंगाचे भान आधी असते आणि त्या भानाच्या प्रकाशात कोणती गोष्ट महत्त्वाची हे त्यास दिसते. हे भान नियमांत मांडू गेल्यास ते नियम केव्हा लावावयाचे ह्याचे आणखी नियम लागतात, आणि ही मालिका संपत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. संगणकशास्त्रज्ञांच्या वर्तुळात ह्या ग्रंथाचे स्वागत बव्हंशी तुच्छतेने झाले.

ज्यांनी तो पुढे गांभीर्याने घेतला त्यांत टेरी विनोग्राड हे होते, ही घटना विशेष लक्षणीय आहे. १९६८ ते १९७० ह्या काळात त्याच संस्थेत त्यांनी ‘श्रडलू’ नावाची आज्ञावली सिद्ध केली होती. पडद्यावरील ठोकळे व सूच्या ह्यांच्या छोट्याशा जगाविषयी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना ती उत्तरे देई आणि सांगितल्याप्रमाणे ठोकळे हलवी. यंत्रास भाषा समजू लागली ह्याचे उदाहरण म्हणून तिचा सर्वत्र गौरव झाला. परंतु ठोकळ्यांच्या जगाबाहेर ती पद्धत विस्तारता येईना. १९७३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असता विनोग्राड ह्यांचा ड्रायफस ह्यांच्या विचारांशी निकट परिचय झाला आणि त्याच सुमारास फर्नांडो फ्लोरेस ह्यांच्याशी त्यांची गाठ पडली.

फ्लोरेस ह्यांचा पूर्वेतिहास वेगळाच होता. चिली देशात साल्वादोर अयेंदे ह्यांच्या राजवटीत ते तरुण वयातच मंत्रिपदास पोचले होते. राष्ट्रीयीकरण झालेल्या कारखान्यांची स्थिती दररोज राजधानीत कळावी म्हणून १९७१ मध्ये ‘सायबरसिन’ हा प्रकल्प सुरू झाला. ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर ह्यांना त्यासाठी पाचारण करण्यात फ्लोरेस ह्यांचाच पुढाकार होता. ऑक्टोबर १९७२ मधील मालमोटारवाल्यांच्या संपात ह्या प्रकल्पाचे टेलेक्सचे जाळे सरकारच्या विशेष उपयोगी पडले. कोणता माल कोठे अडला आहे, कोणती गाडी मोकळी आहे, कोण काय करावयाचे मान्य करतो, हे निरोप त्यावरून जात होते. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर फ्लोरेस ह्यांना तीन वर्षे तुरुंगवास भोगावा लागला. १९७६ मध्ये सुटका झाल्यावर ते कॅलिफोर्नियात आले आणि बर्कली येथे त्यांनी ड्रायफस व जॉन सर्ल ह्यांच्या सान्निध्यात अभ्यास केला.

ह्या दोघांचा ‘संगणक आणि बोध ह्यांचे आकलन’ अशा आशयाच्या नावाचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हायडेगर व गाडामर ह्यांचे अर्थविषयक तत्त्वज्ञान, उंबेर्तो मातुराना ह्यांचे जीवशास्त्रीय विवेचन आणि ऑस्टिन व सर्ल ह्यांचा वाक्कृतींचा सिद्धान्त असे त्याचे तीन आधार होते. कार्यालय म्हणजे माहितीचा कारखाना नव्हे. ते विनंत्या, वचने, नकार व पूर्तता ह्यांचे जाळे आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. बोलणे म्हणजे वस्तुस्थितीचे वर्णन करणे एवढेच नसून बोलणे ही स्वतःच एक कृती आहे, हे भाषातत्त्वज्ञानातील मत येथे प्रथमच इतक्या ठळकपणे यंत्ररचनेचा पाया झाले. त्याच दशकात फ्लोरेस ह्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘को-ऑर्डिनेटर’ ह्या आज्ञावलीत हा विचार प्रत्यक्षात उतरला. तीत निरोप पाठविणाऱ्याने तो निरोप विनंती आहे की देकार आहे हे आधी सांगावयाचे असे. उत्तर देणाऱ्यापुढे वचन, नकार, प्रतिप्रस्ताव इत्यादी पर्याय मांडलेले असत.

४

दुसरी वाट हुसेर्ल ह्यांच्याच विचारातून, परंतु समाजशास्त्रातून गेली. व्हिएन्नात शिकलेले आल्फ्रेड शुट्झ (१८९९–१९५९) ह्यांनी १९३२ साली सामाजिक जगाच्या अर्थपूर्ण रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाझी सत्तेमुळे मायदेश सोडून ते १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. दिवसा बँकिंग व्यवसायातील नोकरी आणि उरलेल्या वेळी तत्त्वचिंतन असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. समाजशास्त्रज्ञ ज्या जगाचा अर्थ लावू पाहतो त्या जगाचा अर्थ त्यात राहणाऱ्या माणसांनी आधीच लावलेला असतो, ही जाणीव शुट्झ ह्यांनी समाजशास्त्रास दिली.

शुट्झ ह्यांच्या लेखनाने प्रभावित झालेले हॅरॉल्ड गार्फिंकेल ह्यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात एथ्नोमेथडॉलॉजी ह्या अभ्यासपद्धतीची मांडणी केली. सामान्य माणसे आपल्या नित्य व्यवहारास सुसंगती कशी आणतात, ह्याचे बारकाईने निरीक्षण करणे हे तिचे कार्य होय. ह्या ग्रंथातील एक प्रकरण माहितीप्रणालींच्या अभ्यासकाने अवश्य अभ्यासावे असे आहे. लॉस एंजेलिस येथील एका मानसोपचार केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात कोणते रुग्ण उपचारासाठी निवडले जातात हे जुन्या नोंदींवरून ठरवावयाचे होते. त्यासाठी दीड हजारांवर रुग्णांची कागदपत्रे तपासण्यात आली. रुग्णाचे लिंग व वय बहुधा नोंदलेले असे; इतर पुष्कळ रकाने मात्र रिकामे आढळले. प्रथमदर्शनी हा कारकुनी हलगर्जीपणा वाटतो. एगॉन बिटनर ह्यांच्या सहकार्याने लिहिलेल्या ह्या प्रकरणात गार्फिंकेल ह्यांनी दाखविले की, ‘वाईट’ नोंदींमागे चांगली कारणे होती. नोंदी लिहिणारे वैद्य व कर्मचारी त्या संख्याशास्त्रज्ञासाठी लिहीत नव्हते. रुग्ण व केंद्र ह्यांच्यात जे घडले ते रीतीस धरून घडले, असे पुढे कधी दाखवावे लागल्यास त्या नोंदी आधार म्हणून उपयोगी पडावयाच्या होत्या. त्या त्रोटक होत्या, कारण त्या वाचणारा माणूस केंद्राचा व्यवहार जाणणारा असेल हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. अशा नोंदी सुधाराव्यात म्हणून रकाने वाढविले, तर रकाने वाढतात. नोंदी सुधारतातच असे नाही.

हीच दृष्टी घेऊन मानवशास्त्रज्ञ लूसी सचमन ह्यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात काम केले. त्यांचा ‘योजना आणि प्रसंगनिष्ठ कृती’ ह्या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅसिफिक महासागरातील ट्रुक बेटांवरचा नावाडी आणि युरोपीय नौकानयनज्ञ ह्यांच्या तुलनेने त्याचा आरंभ होतो. युरोपीय माणूस आधी मार्ग आखतो व त्या मार्गापासून ढळू नये म्हणून झटतो. ट्रुकचा नावाडी मुक्काम मनात धरून वारा, लाटा, तारे ह्यांना अनुसरत जातो. सचमन ह्यांचे म्हणणे असे की, माणसे योजना कितीही आखोत, प्रत्यक्षात ती दुसऱ्या नावाड्याप्रमाणेच वागतात. योजना ही कृतीचे कारण नसून कृतीसाठी वापरावयाचे एक साधन आहे.

ह्या विधानास त्यांनी दिलेला पुरावा मोठा उद्बोधक आहे. प्रती काढण्याच्या एका यंत्रास वापरणाऱ्यांना पायरीपायरीने सूचना देणारी साहाय्यप्रणाली जोडलेली होती. यंत्र प्रथमच वापरणाऱ्या माणसांना जोडीने काम करावयास सांगून त्यांचे चित्रण करण्यात आले आणि चित्रणातील प्रत्येक क्षण चार रकान्यांत मांडला गेला. वापरणाऱ्यांच्या ज्या हालचाली व जे बोलणे यंत्रास कळू शकत नाही ते पहिल्यात. यंत्रास जे कळते ते दुसऱ्यात. यंत्राचा जो परिणाम वापरणाऱ्यांना दिसतो तो तिसऱ्यात. आणि त्यामागील रचनाकाराचा हेतू चौथ्यात. पहिला रकाना शंका, तर्क, हसणे, बोट दाखविणे, चूक उमगणे ह्यांनी भरलेला असे. दुसऱ्यात एखादे झाकण उघडले, एखादी कळ दाबली, एवढेच येई. त्यामुळे कधी सर्व ठीक असता वापरणाऱ्यांना काही तरी चुकले असे वाटे, तर कधी चूक झालेली असता यंत्र त्यांना पुढची सूचना देऊन त्याच चुकीच्या मार्गाने नेई. यंत्र बिघडलेले नव्हते आणि माणसेही मंदबुद्धी नव्हती. दोघांच्या वाट्यास आलेला प्रसंगच निरनिराळा होता.

५

ह्या दोन्ही वाटा माहितीप्रणाली ह्या ज्ञानशाखेच्या सीमेवरून जात होत्या. शाखेच्या अंतरंगात रूपविवेचनशास्त्रास स्थान मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः रिचर्ड बोलंड ह्यांस द्यावे लागते. सप्टेंबर १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय माहितीसंस्करण महासंघाच्या एका कार्यगटाने मँचेस्टर येथे संशोधनपद्धतींविषयी परिसंवाद भरविला. तोपर्यंत सर्वेक्षणे, प्रयोगशाळेतील प्रयोग आणि संख्याशास्त्रीय कसोट्या ह्यांनाच शास्त्रीय संशोधन म्हणण्याचा प्रघात होता. परिसंवादातील निबंधांचा संग्रह १९८५ मध्ये निघाला. त्यात बोलंड ह्यांनी माहितीप्रणालींच्या संशोधनास रूपविवेचनशास्त्र हीच श्रेयस्कर पद्धती होय, असे प्रतिपादन केले. आणखी दोन वर्षांनी लिहिलेल्या निबंधात त्यांनी माहितीवाचक इंग्रजी शब्दाच्या घटनेकडेच लक्ष वेधले. माणसाच्या अंतरंगास आकार येणे, हा त्या शब्दातून निघणारा अर्थ त्यांनी पुन्हा पुढे आणला. माहिती ही संचिकेत पडून असलेली वस्तू नसून ती माणसाच्या ठायी घडणारी घटना आहे, असे मानले की संशोधनाचा विषयच बदलतो. प्रणालीने किती नोंदी पुरविल्या ह्याऐवजी त्या वाचणाऱ्याच्या जगात काय बदलले, हे विचारावे लागते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला शोशाना झुबॉफ ह्यांचा ग्रंथ हा प्रश्न प्रत्यक्ष विचारल्यास काय दिसते ह्याचा नमुना होय. कागद व लगदा तयार करणाऱ्या अमेरिकन कारखान्यांत संगणकनियंत्रित यंत्रणा आल्यानंतर कामगार यंत्रांजवळून उठून नियंत्रणकक्षात पडद्यांपुढे येऊन बसले. लगदा हाताने चिमटून, रंग पाहून, वासावरून त्याची प्रत ओळखणारी ही माणसे होती. त्यांचे ज्ञान त्यांच्या देहात मुरलेले होते आणि ते शब्दांत सांगण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आलेली होती. पडद्यावरील आकडे अधिक नेमके होते. परंतु ते आकडे कशाचे आहेत ह्याची प्रतीती हरपल्याची भावना कामगारांच्या बोलण्यातून वारंवार व्यक्त झाली. नव्या यंत्रणेने त्यांना अधिक माहिती दिली आणि त्यांना जे येत होते ते निरुपयोगी ठरविले. झुबॉफ ह्यांनी ह्यात केवळ हानी पाहिली नाही. आकड्यांवरून विचार करण्याचे नवे कौशल्य कामगारांना शिकू दिल्यास त्यांचा अधिकार वाढू शकतो, असेही त्यांनी दाखविले. हा अधिकार त्यांना द्यावयाचा की त्याच आकड्यांचा उपयोग त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी करावयाचा, हा निर्णय मात्र यंत्राच्या हातचा नव्हता.

६

ह्या पार्श्वभूमीवर दोन वाटांची समोरासमोर गाठ पडली. सहकारी कार्यास संगणकाचे साहाय्य ह्या विषयास वाहिलेल्या नियतकालिकात १९९४ साली सचमन ह्यांचा एक लेख आला. वर्गांना राजकारण असते काय, असा त्याच्या शीर्षकाचा प्रश्न होता. विनोग्राड व फ्लोरेस ह्यांनी माणसाचे व्यवहार नियमांत बसत नाहीत ह्या सिद्धान्तापासून आरंभ केला आणि शेवट केला तो प्रत्येक बोलण्यावर आगाऊ शिक्का मारण्यास सांगणाऱ्या यंत्रात, अशी विसंगती ह्या लेखाच्या आधारे दाखविता येते. एखादे वाक्य विनंती आहे, सूचना आहे की नुसती चाचपणी आहे, हे बोलणाऱ्यासही पुष्कळदा आधी ठाऊक नसते. पुढील बोलण्यातून ते ठरत जाते. ‘जरा बघता का?’ ह्या मराठी वाक्याचा वर्ग कोणता, हे वाक्यावरून सांगता येणार नाही. वरिष्ठाने कनिष्ठास म्हटले तर ती आज्ञा होते. शेजाऱ्याने शेजाऱ्यास म्हटले तर कदाचित विनंती. ही संदिग्धता भाषेचा दोष नव्हे. तिच्यामुळेच नकाराची वाट मोकळी राहते व कोणाचा मान दुखावत नाही.

सचमन ह्यांचा मुख्य आक्षेप ह्याहूनही खोल होता. हार्व्ही सॅक्स ह्या समाजशास्त्रज्ञांच्या एका निरीक्षणाचा त्यांनी आधार घेतला. प्रौढ लोक तरुणांना ज्या वर्गात घालतात तो वर्ग आणि तरुण स्वतःसाठी जो वर्ग निर्माण करतात तो वर्ग, ह्यांत स्वामित्वाचा फरक असतो. म्हणून वर्गीकरण कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न टाळता येत नाही. कर्मचाऱ्याने दिलेले प्रत्येक वचन वर्गवार नोंदले गेले म्हणजे ते मोजता येते, आणि मोजता आले म्हणजे त्याचा जाब विचारता येतो. अशा रीतीने बोलण्याचा सिद्धान्त हा शिस्त लावण्याचे साधन बनतो.

विनोग्राड ह्यांचे उत्तर त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा उपेक्षणीय नाही. परस्परांस न ओळखणारी शेकडो माणसे जेथे एकत्र काम करतात, तेथे काही गोष्टी सर्वांनी मान्य केलेल्या रूपात स्पष्टपणे नोंदाव्याच लागतात. हिशेबाच्या वहीत जमा व खर्च हे दोन रकाने असतात म्हणून कोणी त्यास अनुभवावरील अत्याचार म्हणत नाही. संकेतांवाचून मोठा व्यवहार चालत नाही. आणि सर्व काही संदिग्ध ठेवल्यास त्या संदिग्धतेचा फायदा दुबळ्यासच मिळतो असेही नाही.

ह्या वादात एक पक्ष जिंकला व दुसरा हरला असे म्हणता येणार नाही. परंतु दोघांचा वारसा एकच असून त्याचा उपयोग त्यांनी दोन प्रकारे केला, हे त्यातून लख्ख दिसते. पहिल्या वाटेवर रूपविवेचनशास्त्र हे सिद्धान्त म्हणून आले. माणूस कसा असतो हे तत्त्वज्ञांनी सांगितले आहे, आता त्यास अनुरूप यंत्र घडवावे, अशी तिची भूमिका होती. दुसऱ्या वाटेवर ते पाहण्याची शिस्त म्हणून आले. माणूस कसा असतो हे आपणास आधी ठाऊक नाही, तेव्हा त्याच्या शेजारी बसून पाहावे, अशी तिची भूमिका होती. सिद्धान्त म्हणून घेतलेले तत्त्वज्ञान ज्या साचेबंदपणाविरुद्ध उभे राहिले होते त्याचाच आणखी एक साचा होऊन बसले. हुसेर्ल ह्यांनी गृहीते स्थगित ठेवण्यास सांगितले होते. त्यांत तत्त्वज्ञाकडून उसनी घेतलेली गृहीतेही येतात, ह्याचा विसर पडला.

७

पुढील काळात ह्या विचारास सर्वांत धीट रूप दिले ते क्लाउदिओ चिबोरा (१९५१–२००५) ह्यांनी. मिलान येथे विद्युत्कण अभियांत्रिकी शिकलेले हे इटालियन संशोधक अखेरच्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे प्राध्यापक होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीच्या चक्रव्यूहांवरील त्यांच्या ग्रंथात हुसेर्ल ह्यांच्या ‘संकट’ ह्या कल्पनेचा थेट आधार घेतलेला आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या आराखड्यांत प्रत्यक्ष कामाचे जगच उरलेले नाही, असे त्यांचे निदान होते. नव्या तंत्राचा स्वीकार हा आराखड्याप्रमाणे अंमलबजावणी करण्याचा प्रकार नसून तो अनोळखी पाहुण्याच्या आतिथ्यासारखा असतो, हे त्यांचे प्रतिपादन. पाहुण्यास घरात घेताना यजमानही थोडा बदलतो, आणि पाहुणा शत्रूही निघू शकतो ह्याचे भान ठेवावे लागते. हाताशी असेल त्या सामग्रीने केलेली जुळवाजुळव, मूळ हेतूपासून हळूहळू ढळत जाणारा वापर, कर्मचाऱ्यांची मनःस्थिती ह्या गोष्टी, ज्या अहवालांत दोष म्हणून येत, त्या त्यांनी अभ्यासविषय म्हणून समोर मांडल्या.

रूपविवेचनशास्त्राविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप येथे विचारात घेणे अवश्य आहे. अनुभवाचे वर्णन कितीही सूक्ष्म असले तरी ते ताडून पाहावयाचे कसे? एका कारखान्यातील कामगारांविषयी जे खरे ते दुसऱ्या ठिकाणी खरे कशावरून? ह्या आक्षेपात तथ्य आहे. सचमन ह्यांच्या चार रकान्यांतूनच त्याचे एक उत्तर मिळते. तेथे चित्रण व संभाषण मूळ रूपात मांडलेले आहे आणि त्यावरून निराळा निष्कर्ष काढण्यास वाचक मोकळा आहे. वर्णनाची कसोटी संख्येत नसेल, पण ती ह्या खुलेपणात निश्चित आहे. ज्या लेखनात हायडेगर ह्यांच्या संज्ञा येतात आणि एकाही कर्मचाऱ्याचा कामाचा तास येत नाही, त्याला ही कसोटी लावता येत नाही; आणि असे लेखन ह्या शाखेत थोडे नाही.

आज नोंदींचे प्रमाण गार्फिंकेल ह्यांच्या काळाच्या मानाने अफाट वाढले आहे. रुग्ण, विद्यार्थी, शेतकरी, प्रवासी असा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या प्रणालीत रकान्यांच्या रूपाने उपस्थित आहे, आणि त्याच्याविषयीचे निर्णय पुष्कळदा त्या रकान्यांवरूनच घेतले जातात. म्हणून मानसोपचार केंद्रातील त्या रिकाम्या रकान्यांची गोष्ट जुनी झालेली नाही. संशोधकास असा रकाना आढळला म्हणजे तो भरण्याचा उपाय शोधण्यापूर्वी, तो कोणी रिकामा ठेवला व ठेवताना त्या व्यक्तीसमोर कोणता प्रसंग होता, हे विचारण्याची सवय त्याने लावून घेतली पाहिजे. त्यासाठी जर्मन ग्रंथांचे अध्ययन उपकारक आहे. नोंद करणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन बसणे मात्र अपरिहार्य आहे.